मॅडमचे डोळे ठीक होते

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुला सांगतेय, पण मध्येच "जाऊ दे गं" म्हणू नकोस. त्या शब्दांची मला चीड येते. जाऊ दे, जाऊ दे करतच तर सगळं झालं.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात उपग्रहांनी काढलेले फोटो येतात. जगात कुठे किती बर्फ उरलाय ते त्यावरून मोजायचं, आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या एका परदेशी संस्थेला पाठवायचं. ऐकायला भारी वाटतं ना? कल्याणला आमच्या सोसायटीत मला सगळे सायंटिस्ट म्हणतात. सायंटिस्ट!

हे काम मला शिकवलं वैद्य मॅडमनी. डोंबिवलीला एकट्या राहणाऱ्या, रिटायरमेंटला थोडी वर्षं उरलेल्या. बर्फही पांढरा, ढगही पांढरा — वरून बघताना माणूस फसतो तो इथेच. पण आपल्याला न दिसणाऱ्या एका प्रकाशात काढलेला फोटो असतो, त्यात बर्फ काळपट दिसतो आणि ढग पांढराच राहतो. तो दुसरा फोटो उघडल्याशिवाय बर्फ म्हणायचं नाही, हे त्यांनी मला किती वेळा बजावलं असेल!

मी उघडला नाही. कंटाळा — दुसरं काही नाही. हिमालयातल्या एका खोऱ्याचं काम होतं, आणि दरीत साचलेले ढग मी बर्फ म्हणून मोजत गेले. एका हिवाळ्याचे नाहीत, कितीतरी हिवाळ्यांचे. तिथला बर्फ आटत चाललेला, आणि माझ्या नकाशावर तो ऐसपैस पसरलेला. मॅडमच्या ते लक्षात आलं. त्यांनी माझं नावसुद्धा घेतलं नाही. साहेबांना एवढंच सांगितलं, की खोऱ्याचं काम पुन्हा करावं लागेल.

साहेबांना पुन्हा काहीच करायचं नव्हतं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, मॅडम म्हणतात त्यात तथ्य आहे का. होतं. मला माहीत होतं. पण माझं प्रमोशन तोंडावर आलेलं —

मी म्हणाले, "सर, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मॅडमना पांढऱ्यातला फरक नीट कळत नाही."

बघ, किती सहज निघालं तोंडातून. आणि साहेबांनी तरी तो दुसरा फोटो उघडून बघावा की नाही? नाही बघितला. वय झालेल्या बाईची नजर गेली म्हटलं की सगळ्यांना लगेच पटतं, पुरावा लागत नाही. मला आजही त्या माणसाचा संताप येतो. पण त्याच्या हातात ते आयतं कोणी दिलं?

मॅडमना फोटो तपासायच्या कामावरून काढून हजेरीच्या कामाला बसवलं. काही महिन्यांत त्यांनी नोकरीच सोडली. त्यांची जागा मला मिळाली. तो खोटा बर्फ अजून नकाशावर आहे.

साहेबांनी त्यांना कारण सांगितलं होतं, माझ्या नावासकट. मला वाटलं, आता येतील आणि माझ्या थोबाडीत देतील. द्यायलाच हवी होती! त्यांनी फोन केला आणि विचारलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोबत येशील का. स्कूटर त्यांनी विकून टाकलेली. कोणाला धडक बसायला नको, म्हणून.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, नजर एकदम स्वच्छ आहे. बाहेर बाकावर बसून मॅडम बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर काही म्हणोत गं. तू रोज माझ्या शेजारी बसायचीस. तुला काही जाणवलं असेल, म्हणूनच बोललीस ना? तू उगाच नाही बोलणार."

तेव्हा तरी? तेव्हा तरी सांगायला काय झालं होतं मला?

मी म्हणाले, "मॅडम, आता डोळ्यांना जरा आराम द्या."

त्यांनी मान हलवली. आता त्या पेपर वाचत नाहीत. मी भेटायला गेले की पुढे करतात आणि म्हणतात, तू वाच.

मी वाचून दाखवते.