गोळ्यांचं उद्यापन

मी त्या दिवशी जेवले होते, आणि रस्सा दोनदा वाढून घेतला होता. हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगायला गेले की मी काहीतरी सारवासारव करते, हा माझा माझ्याबद्दलचा जुना अनुभव आहे.

मी नर्स. मूळची जव्हारची, वडील कचेरीत कारकून, गावाकडे भाताची थोडी जमीन. गेली अकरा वर्षं मोखाडा तालुक्यात, सूर्यमाळच्या अंगाला एका उपकेंद्रावर आहे. तोंडाने फटकळ. पाड्यावरच्या बायका माझ्यामागे माझी नक्कल करतात. ती मी एकदा कुडाआडून ऐकली आणि खरं सांगायचं तर हुबेहूब होती. इथे लहानथोर सगळ्यांनाच 'तू' म्हणतात. नोकरीला लागले तेव्हा मला त्याचा फार राग यायचा. आता कोणी 'तुम्ही' म्हणालं की हा माणूस बाहेरचा, एवढंच मनात येतं.

जिच्याबद्दल सांगायचंय तिला मी मावशी म्हणते. पंचावन्नच्या आसपास वय, काटक, उतारावर नागली-वरईचा तुकडा. सुनेला सातवा महिना लागला म्हणून तिला तपासायला घेऊन आली होती. सुनेचं प्रेशर बघून झालं, पट्टा हातातच होता, म्हणून मी म्हटलं, मावशी, ये, तुझंही बघू. आकडा एकशे नव्वदच्या पुढे. मला वाटलं मशीन बिघडलं. पुन्हा घेतलं तर तेच. डोकं दुखतं का, चक्कर येते का, छातीत धडधडतं का, मी विचारत गेले आणि ती नाही नाही म्हणत गेली. शेवटी तीच वैतागली. म्हणाली, मला कायच दुखत नाय, मग आजार हाय कुठं?

मी माझं नेहमीचं भाषण ठोकलं. मीठ कमी, सुकट कमी, गोळी रोज. ती मान डोलवत राहिली. डॉक्टरांना दाखवून गोळ्या सुरू केल्या. पंधरा दिवसांनी आली तर डाव्या दंडाला करंजाचं तेल चोपडून. पट्टा घसरायला लागला. हे काय गं, म्हणून विचारलं तेव्हा कळलं, की मी पट्टा डाव्या हाताला बांधला, आकडा तिथून निघाला, म्हणजे आजार त्या हातात, अशी तिची समजूत. कोयता, कुऱ्हाड, हंडा सगळं ती उजव्यावर घ्यायला लागली होती. डाव्याला विश्रांती.

मी पोट धरून हसले. तीही हसली, बाई हसतेय म्हणून. महिन्याच्या मीटिंगला मी हा किस्सा रंगवून सांगितला, तिथेही सगळे हसले. तिला नीट समजावून सांगायचं तेवढं राहून गेलं.

तशी मी ह्या बीपीच्या बाबतीत वैतागलेलीच असायचे. एक म्हातारा म्हणायचा, मी कोणाशी भांडत नाय, मना कशाचा बीपी? त्याच्या लेखी हा रागीट माणसांचा आजार, आणि हे तो माझ्याकडे रोखून बघत म्हणायचा. कोणी डोकं दुखेल त्या दिवशीच गोळी खाणार. कोणी अर्धी आपण खाऊन अर्धी नवऱ्याला देणार, कारण त्यालाही गरगरतं. दिवाळीनंतर माणसं भिवंडीकडे, वसईकडे जगायला जातात, तेव्हा भांडी-कपडे सोबत जातात आणि गोळ्या वळचणीला खोचलेल्या राहतात. ह्या सगळ्यांत मावशी म्हणजे माझा मोती. एक गोळी चुकवायची नाही. सकाळी चूल पेटवली की गोळी, तिचा नेमच ठरला होता.

भातकापणीच्या सुमाराला तिचा आकडा एकशे तीसच्या खाली आला. मला इतका आनंद झाला की विचारू नका. माझ्या यादीत 'नियंत्रणात' ह्या रकान्यात पहिलं नाव. मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "मावशी, बरी झालीस गं तू!"

हे माझे शब्द. मी ते आतापर्यंत अनेक वेळा मनात फिरवून पाहिलेत, त्यातून दुसरा अर्थ निघत नाही.

तिने दोनदा विचारलं, खरंच बरी झाले? मी म्हटलं, अगदी. पुढच्या महिन्याच्या गोळ्या तिच्या हातात दिल्या, त्या तिने कपाळाला लावून घेतल्या. जाताना म्हणाली, रविवारी जेवायला ये. तिला नुकताच नातू झाला होता. मला वाटलं त्याचंच काहीतरी असेल.

रविवारी गेले. अंगण सारवलेलं, दारासमोरच्या दगडाला शेंदूर, नारळ फोडलेला. पळसाच्या पानावर तांदूळ, कुंकू आणि त्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं, एकावर एक नीट रचून ठेवलेली. शेजारी त्या महिन्याची नवी, न फोडलेलीही. मी ते बघितलं. बघितलं नाही असं म्हणायची सोय नाही, कारण मी त्याचा फोटो काढला. मावशीला मागे उभं केलं, हसायला सांगितलं. मनात आलं, ही माणसं कशालाही कुंकू लावतील. मग कोंबडीचा रस्सा, नागलीची भाकर, नवा भात. मला पहिल्या पंगतीला बसवलं होतं. तिखट इतकं की नाकातून पाणी आलं, तरी मी दोनदा मागून घेतला.

त्यानंतर ती गोळ्या घ्यायला आली नाही. एक महिना, दोन महिने. लसीकरण होतं, बाळंतपणं होती. तिचा मुलगा भिवंडीला गेलाय एवढं कानावर आलं होतं, त्यावरून मी ठरवून टाकलं की सगळं घर जगायला गेलं असणार. फोनमधल्या यादीत तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' लिहिलं. तिचं घर उपकेंद्रापासून चालत पाऊण तासावर आहे, आणि चुलीचा धूर तिथून रोज निघत होता.

होळी झाली, विहिरी खाली गेल्या. एका सकाळी ती विहिरीवरून चढताना हंड्यासकट पडली. उचलून जीपने दवाखान्यात आणलं. मी पोचले तेव्हा उजवी बाजू गेली होती. तोंड वाकडं, शब्द फुटत नव्हता, डोळे मात्र सगळं बघत होते. डॉक्टर सुनेला विचारत होते, गोळ्या चालू होत्या का? सून कडेवर पोर घेऊन खाली मान घालून उभी.

आणि मी, जिने गप्प बसायला हवं होतं, तीच बोलायला लागले. कोणी सांगितलं बंद करायला? तुम्हाला शंभर वेळा सांगितलं तरी डोक्यात शिरत नाही. माझा आवाज बाहेरच्या बाकड्यापर्यंत गेला असणार. सुनेने तोवर एकदाही वर बघितलं नव्हतं. मी दम घ्यायला थांबले तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाई, औषध पावलं म्हणून मान दिला ना आम्ही. तू पन जेवलीस."

पाड्यावरच्या जडीबुटीचं असंच असतं. औषध देणाऱ्याने बरं झालं म्हटलं की औषध पावलं; मग त्या औषधाला कोंबडं-नारळ द्यायचा, चार माणसं जेवू घालायची आणि औषध थांबवायचं. त्यानंतर ते पुन्हा तोंडात घालणं म्हणजे गेलेल्या आजाराला परत हाक मारणं. हे मला कोणी नव्याने सांगायला नको होतं. मी जव्हारात वाढलेय, माझ्या काकाच्या काविळीला माझ्याच घरात असं उद्यापन झालेलं मी लहानपणी पाहिलंय, प्रसाद खाल्लाय. पण गोळी ही सरकारी, ती पाकिटातून येते, तिचं असं काही असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि तिने ज्याच्या सांगण्यावरून मान द्यायचा तो माणूस मीच होते. बरी झालीस, असं सांगितलंही मीच.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ते नीट ऐकू गेलं नव्हतं. काय म्हणतेय ती, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही सर, पेशंटने स्वतःहून औषध बंद केलंय. कागदावरही तेच लिहिलं, माझ्या अक्षरात. सून ऐकत होती. तिला मराठी चांगलं समजतं.

संध्याकाळी घरी आल्यावर मी तो फोटो फोनमधून काढून टाकला. का काढला, ते मला चांगलं ठाऊक आहे.

मावशीला तीन आठवड्यांनी घरी आणलं. मी गेले नाही. तिच्या पाड्यावरून जायचा रस्ता सोडून मी खालच्या बाजूने, काट्याकुट्यातून जायला लागले. माझ्याबरोबर फिरणाऱ्या आशाताईने विचारलं, तर म्हटलं, इकडून सावली आहे. वैशाखात त्या उतारावर एक झाड नाही. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. गेल्यावर ती शिव्या देईल ह्याची भीती नव्हती, देणार नाही हीच भीती होती.

शेवटी एका सकाळी गेले. ओटीवर बसवली होती तिला, भिंतीला टेकून, उजवा हात मांडीवर ठेवलेला. मला बघून सरकायचा प्रयत्न केला. सुनेने पत्र्याचा डबा आणून दाखवला, त्यात गोळ्या, रोज आठवणीने देते म्हणाली. माझ्याकडे तिने नीट बघितलं नाही. तिचा हक्कच होता तो.

मावशीचं बोलणं जड झालं होतं, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. तिने पहिलं काय विचारलं असेल? म्हणाली, "मान कमी पडला काय व? कोंबडं लहान होतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही मला राग आला, कारण रडायचा हक्क तिचा होता. मी तिच्या समोर खाली बसले. म्हटलं, "मान नाही चुकला, मावशी. मी चुकले. तू बरी झाली नव्हतीस. गोळीने आकडा दाबून धरला होता. ही गोळी सोडायची नसते, हे मी तुला सांगितलंच नाही."

मग तिने डावा हात वर केला, मूठ मिटली, उघडली. "ह्यो बघ. तू ह्याला पट्टा बांधायचीस. ह्यो चांगला हाय." मग मांडीवरच्या हाताकडे बघितलं. "ह्याला तू कवा बांधलाच नाय."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. जे झालं ते तिला असंच दिसत होतं. ह्या वेळी मला हसू आलं नाही. मी तिथेच बसून तिला पहिल्यापासून सांगितलं, आजार हातात नसतो, अंगभर फिरणाऱ्या रक्तात असतो, दुखत नाही म्हणूनच फसवतो. सुनेलाही बसवून घेतलं. घाई केली नाही, आवाज चढवला नाही. हे सगळं मी आधीच्या वर्षी, करंजाच्या तेलाचा वास येत असताना, अर्ध्या तासात सांगू शकले असते. डॉक्टरांना मी अजून सांगितलेलं नाही. तो कागद फायलीत तसाच आहे, आणि फाइल काढायची वेळ आली की मी ती दुसऱ्या कोणाला तरी काढायला सांगते.

सांगून होईपर्यंत दुपार झाली. मी उठायला लागले तेव्हा सून म्हणाली, बाई, जेवून जा. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. भाकर आणि डाळ होती, मीठ बेतानेच घातलेलं. मी मान खाली घालून जेवत होते, आणि मावशी माझ्यासमोर बसून डाव्या हाताने जेवत होती.