तांदळातलं नाव

हल्ली माझ्या दारात चपला वाढल्यात. सणसरचे येतात, अंथुर्ण्याचे येतात, बारामतीतनं गाडी करून येतात. कुणाच्या पोरीचं लग्न कॅनडातल्या पोराशी ठरलेलं असतं, कुणाची सून सहा महिन्यांपासून कागदासाठी अडकलेली असते. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की त्या म्हाताऱ्याला विचारा, त्याच्या घरात हे सगळं होऊन गेलंय. होऊन गेलंय, हे खरं. मी सातवी पास. इंग्रजी अक्षर दिसलं की मला चष्मा पुसावा वाटतो. तरी लोक येतात, ओट्यावर बसतात, फाईल उघडतात. चहा करायला घरात कुणी राहिलं नाही, त्यामुळं चहा मिळत नाही. शिव्या मिळतात.

माझा पहिला प्रश्न ठरलेला. लग्नाच्या दाखल्यावर पोरीचं नाव कोणतं टाकणार?

दहातले सात जण सांगतात, "आमच्यात नाव बदलायची रीत हाय, आबा."

तिथं माझं डोकं फिरतं. कारण ही रीत मीच केली, छाती काढून केली, आणि तिनं माझं घर मोडलं.

आम्हाला एकच लेक. बारामतीला कॉलेज शिकली, पुढं पुण्यात दोन वर्षं नोकरी केली. त्याच वेळी तिनं पासपोर्ट काढून ठेवला. स्थळ आलं सणसरचं. पोरगा कॅनडात, तिकडं कायमचा राहणारा. बघण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले, दोघं गच्चीवर अर्धा तास बोलली, खाली आली आणि हो म्हणाली. लग्न लागलं. सासरी उंबरा ओलांडल्यावर ताटात तांदूळ पसरले, जावयानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, पेढे वाटले. तोवर सगळं ठीक. तांदळातलं नाव तांदळात राहतं, दुसऱ्या दिवशी त्याचा भात होतो.

चार दिवसांनी ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद करायला गेलो. फॉर्म भरताना लेक म्हणाली, "आबा, माझं पासपोर्टवरचंच नाव टाका. तिकडं जुळायला लागतं."

मी म्हणालो, "लगीन झालं का न्हाय तुझं? मग सासरच्यांनी दिल्यालं नाव टाकायला लाज वाटती व्हय?"

बायको शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "अवं, तांदळात लिवलं की. कागदावर कशाला?"

"तू गप," मी म्हणालो. चारचौघांत म्हणालो. आणि ग्रामसेवकाला नवं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव असं मोठ्यानं सांगितलं. त्यानं विचारलंसुद्धा, आधीचं नाव टाकू का म्हणून. त्याला मी उलट सुनावलं.

आता हे कोण करत होतं, तेही सांगतो. मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर तीस वर्षं काढली. उसाची गाडी आली की आधी चिठ्ठी बघायची. चिठ्ठीवर नाव एकाचं आणि नोंद दुसऱ्याची निघाली तर मी म्हणायचो, "नाव जुळत न्हाय. गाडी बाजूला लाव." ड्रायव्हर हातापाया पडायचा, ऊस वाळतोय म्हणायचा. मी वर बघायचो नाही. मला चांगला माणूस म्हणायचे लोक, पण काट्यावर नाही. असल्या माणसानं स्वतःच्या लेकीची चिठ्ठी चुकीची भरली, आणि तीही हट्टानं.

जावई वीस दिवसांनी परत गेला. फाईल करायला बारामतीत एक एजंट गाठला. काचेचं ऑफिस, भिंतीवर विमानाचं चित्र. तो म्हणाला, "काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका. फक्त फोटो द्या, बाकी मी बघतो." फोटो नेले. चारशे फोटो होते अल्बमात. बघायला बसलो तर नवरा-नवरीचा धड फोटो सापडेना. सगळ्या फोटोत सत्कार. ह्याला फेटा, त्याला शाल, त्याला नारळ. मीच पुढं, दात काढून. मागं ती दोघं, उसात उभी केलेली बुजगावणी असावीत तशी. एका फोटोत दोघं एकमेकांकडं बघून हसतायत. तो बायकोनं शोधून काढला. कडेचा होता, अर्ध्यात कुणाचं तरी कोपर आलं होतं.

एजंटानं पोरीला न विचारता अर्जात लिहिलं की दोघांची लग्नाआधी दोन वर्षं ओळख होती. सगळ्यांचं तो तसंच लिहायचा म्हणे, चांगलं दिसतं म्हणून. लेकीला ते नंतर कळलं. ती त्याच्या काचेच्या ऑफिसात उभी राहून म्हणाली, "अर्धा तास ओळख होती. अर्धा तासच लिहायचं होतं." तो हसला. म्हणाला, "मॅडम, ते लोक अर्ध्या तासाला लग्न मानत नाहीत." अहो, माझ्या आणि बायकोच्या लग्नाआधी आम्ही अर्धा मिनिट बोललो नव्हतो. ते काय लग्न नव्हतं?

काही महिन्यांनी तिकडनं पत्र आलं. लेकीनं वाचून दाखवलं. पासपोर्टवर एक बाई आहे आणि लग्नाच्या दाखल्यावर दुसरीच आहे. ह्या दोघी एकच कशावरून? आणि दोन वर्षांच्या ओळखीचा पुरावा कुठाय? मुदत दिली होती, तेवढ्यात उत्तर द्या म्हणून.

ओळखीचं लेकीनं खरं लिहून दिलं, चूक कबूल केली. राहिला दाखला. तो दुरुस्त करायला नवरा-नवरीबरोबर साक्षीदारांच्या सह्या पाहिजेत, असं पंचायतीत सांगितलं. जावयानं त्याच्या सहीचा कागद तिकडनं पाठवला. साक्षीदार मी.

मी सही केली नाही.

परत लिहितो. मी सही केली नाही. मला वाटलं, पाव्हण्यांनी दिलेलं नाव मी माझ्या हातानं खोडू? तोंड कुठं दाखवू? ग्रामसेवकासमोर चूक कबूल करायची होती, ते जास्त झोंबत होतं. लेक रोज विचारायची. मी म्हणायचो, बघू. ऊस तुटू दे, बघू. जत्रा होऊ दे, बघू. मुदत गेली. फाईल बंद झाली. नाही म्हणून पत्र आलं. तरीसुद्धा मी म्हणालो, बघू. आठ महिने घालवले मी.

एक दिवस विहीणबाई सणसरहून भाजी घेऊन आल्या. मी त्यांच्यासमोर मोठेपणानं म्हणालो, "तुमी दिल्यालं नाव मी काय पुसू देणार न्हाय."

त्या म्हणाल्या, "कुठलं नाव, आबा? आमी तर चार दिस सुदिक त्या नावानं हाक मारली न्हाय. जिभेला वळंना. आमी जुनंच म्हणतो तिला."

बायको चुलीपुढं बसली होती. विहीणबाई गेल्यावर तिनं पिशवी भरली, दोन लुगडी आणि औषधं. म्हणाली, "सही करा, न्हायतर मी अंथुर्ण्याला भावाकडं चालली. माघारी येणार न्हाय." बेचाळीस वर्षांत तिनं मला धमकी दिली ती तेवढीच. दुसऱ्या दिवशी मी पंचायतीत गेलो आणि सही केली. किती वेळ लागला? चप्पल काढून बसेस्तोवर झालं.

पुढं नवीन अर्ज. एजंट सोडला. लेक-जावयानं मिळून स्वतः भरला, शब्द न शब्द खरा. त्याआधी लेकीला पाहुणी म्हणून जायचा व्हिसा मिळाला. एकदाच आत जायचा. तिकडं जाऊन नवऱ्याजवळ राहून तिनं तिथं कायमचं राहायच्या कागदाचा अर्ज टाकला. आम्ही तिला निरोप दिला, बायकोनं तिच्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी कोंबली.

बायकोच्या पोटात तेव्हाच दुखत होतं. तिनं सांगितलं नाही. लेक गेल्यावर दीड महिन्यानं बायकोचे डोळे पिवळे दिसायला लागले. बारामतीत डॉक्टरांनी फोटो काढले, मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की उशीर झालाय.

लेकीला कळवलं. ती म्हणाली, मी येते. जावयानं तिथल्या वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, अर्ज इथं राहून केलाय. बाहेर जायला कुणी अडवणार नाही, पण तिचा व्हिसा एकदाच आत जायचा होता, तो वापरून झालाय, परत आत घेतीलच असं सांगता येत नाही. परत येता आलं नाही तर हा अर्ज गेला. पुन्हा पहिल्यापासनं. हे मला आधी माहीत नव्हतं. तिकडं राहून अर्ज करायचा असेल तर हे आधी विचारायचं असतं, आई-बापाची तब्येत कशी आहे ते आधी बघायचं असतं. आम्ही कुणी विचारलं नाही.

दवाखान्यातनं व्हिडिओ कॉल लावला. मी ओरडलो फोनवर, "खड्ड्यात गेला तो कॅनडा. तू ये."

बायकोनं माझ्या हातातला फोन घेतला. हाताला सुई होती, तरी घेतला. म्हणाली, "येऊ नगं. तू आलीस तर तुला माघारी कोण घेतंय? आधीच एक फाईल बुडाली. कागद हातात आला की ये. मी कुटं चालली?"

लेक म्हणाली, "आई, नक्की का?"

"व्हय गं. काल भाकरी खाल्ली मी."

दहा दिवसांत तिनं भाकरीचा तुकडा तोंडात घातला नव्हता.

ती गेली तेव्हा लेक फोनमध्ये होती. स्मशानात भाच्यानं फोन धरला होता. मी अग्नी दिला. फोनमधनं आवाज येत नव्हता, लेकीनं तिचा आवाज बंद केला होता. नुसतं तोंड हलताना दिसत होतं.

सात आठवड्यांनी लेकीचं तिकडं कायमचं राहायचं कार्ड आलं. सात आठवडे. आणि माझे आठ महिने. ह्याचा हिशोब सातवी पासला पण येतो.

म्हणून ओट्यावर बसणाऱ्यांना मी गोड बोलत नाही. पासपोर्टवर जे नाव आहे तेच दाखल्यावर टाका, पुरोहित काहीही म्हणो आणि आत्या काहीही म्हणो. हौस तांदळात भागवा. फोटो काढताना पोरा-पोरीला जवळ उभं करा, फेटेवाल्यांना बाजूला सारा. फोनवरचं बोलणं, तिकिटं, पाठवलेली पाकिटं, सगळं जपून ठेवा. दुसऱ्यानं लिहिलेल्या अर्जावर न वाचता सही करू नका. चुकलं तर त्याच आठवड्यात दुरुस्त करा. आणि तिकडं जाऊन अर्ज करण्याआधी विचारा की मधेच घरी यावं लागलं तर काय. एक जण मागं म्हणाला, "आबा, तुमी लई कडू बोलता." मी म्हणालो, गोड पाहिजे असेल तर कारखान्यावर जा.

कार्ड आल्यावर लेक आली. मला वाटलं, ती बोलेल. मी तयारीच केली होती, काय काय ऐकून घ्यायचं त्याची. तिनं आईची कपाटातली लुगडी घडी घालून ठेवली, डबे घासले, तिसऱ्या दिवशी माझ्यापुढं एक फॉर्म ठेवला.

"आबा, तुम्ही थोडे दिवस माझ्याकडं या. हा तुमचा फॉर्म. मी विचारते, तुम्ही सांगा. पहिल्यांदा कच्चं लिहून काढू."

"लिव," मी म्हणालो.

जन्मगाव झालं. नोकरी झाली. मग ती म्हणाली, "बायकोचं नाव." ते सांगितलं. "लग्नाआधीचं नाव वेगळं असेल तर तेही लागतं."

आडनाव मी लगेच सांगितलं, अंथुर्ण्याचं.

"नाव?"

आमच्याही घरात ताटात तांदूळ पसरले होते. नाव माझ्या आईनं ठरवलं होतं, मी अंगठीनं लिहिलं होतं. त्याच्या आधीचं नाव मी बघण्याच्या दिवशी एकदा ऐकलं होतं, आणि एकदा पत्रिकेवर वाचलं होतं. ते आठवेना. लेक पेन धरून बसली होती. तिलाही माहीत नव्हतं. तिला कोण सांगणार होतं?

"मामाला लाव फोन," मी म्हणालो.

तिनं लावला, माझ्याकडं दिला. माझा मेव्हणा शेतात असावा, मोटारीचा आवाज येत होता. मी विचारलं. तो आधी हसला, त्याला वाटलं चेष्टा करतोय. मग त्यानं मोटार बंद केली.

"दाजी, बेचाळीस वर्सं नांदली ती तुमच्यात," तो म्हणाला. "आणि आज इचारताय?"

"आज इचारतोय," मी म्हणालो. "सांग."

त्यानं सांगितलं. ते नाव मी हितं लिहीत नाही, ते तिचं आहे. लेकीनं पेन पुढं केला नाही, मीच तिच्या हातातनं घेतला, आणि कच्च्या कागदावर मराठीत माझ्या हातानं लिहिलं. अक्षर वाकडं आलं. लेक म्हणाली, राहू दे आबा, मी नीट करते. मी म्हणालो, नीट करू नकोस, त्याच्याखाली इंग्रजीत लिही, आणि तिच्या शाळेच्या दाखल्याशी ताडून बघ.