पहिलवानाचं कोपर

"रडून कायले राहिला बे? हाड माहं ऐकते." असं म्हणत तो आधी मोडका हात ओढायचा आणि मग विचारायचा, "दुखते काय?" महाल भागातल्या आमच्या गल्लीत त्याला सगळे पहिलवान म्हणत. कुस्ती सुटून जमाना झाला होता. ओसरीवर बसून तो मुरगळलेलं, उतरलेलं, मोडलेलं सगळं तेल लावून बसवायचा. लहानपणी माझं मनगट त्यानंच बसवलं. अजून वाकडं आहे. तेव्हा मी त्याच्याबद्दल गोड बोलेन अशी आशा धरू नका.

डॉक्टरांची त्याला भारी चीड. कुणाच्या हातात प्लेट बसवली की म्हणायचा, "दाराले कडी लावली काय बे?"

मग एका दुपारी स्पीडब्रेकरवर त्याची स्कूटर उडाली आणि उजव्या कोपराचा चुरा झाला. ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. तुकडे जुळवून दोन्ही बाजूंनी प्लेटा, नाहीतर कृत्रिम सांधा. पण सांधा बसवला तर भरलेली बादली जन्मात उचलायची नाही. "बादली नाही उचलता येत तं हात काय पूजेले ठेवू?" म्हणत त्यानं प्लेटा बसवून घेतल्या. ऑपरेशन छान झालं. निघताना डॉक्टरांनी बजावलं, व्यायाम करा, पण मालिश अजिबात नको. कोपर चोळलं की मांसात नवीन हाड तयार होतं.

टाके निघताच पहिलवानानं तेलाची वाटी काढली आणि डाव्या हातानं स्वतःचं कोपर चोळायला, ओढायला लागला. त्याची बायको, आमची काकू, वाटी लपवायची. तो शोधून काढायचा. डोळ्यांत पाणी यायचं, तरी म्हणायचा, "मोकळं होऊन राहिलं वं." ते मोकळं झालं नाही. जवळजवळ सरळच जाम झालं, आणि काकू त्याला भरवायला लागली. ज्यांची हाडं त्यानं बसवली होती ते येऊन मजा पाहून गेले. मीही गेलो. पण ते जेवण मला पाहवेना, मी चहा न घेता परतलो.

डॉक्टर आता म्हणाले, वाढलेलं हाड काढता येईल, पण शेजारची नस दुखावली तर बोटंही जातील. नाहीतर कोपर एकाच कोनात कायमचं पक्कं करू. हात लांब ठेवायचा की तोंडाकडे, ते तुम्ही सांगा.

"तोंडाकडे," तो म्हणाला. "डाव्या हातानं जेवून मरू काय?"

त्यानंतर मान जरा खाली घालून तो आपल्या हातानं जेवू लागला. ओसरीवर मात्र कुणी येईना. एकदा त्यानं मला बोलावलं, डाव्या हातात माझं मनगट धरलं. ओढलं नाही. "दुखते काय गा?" विचारलं. मी नाही म्हणालो. थंडीत दुखतं.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. तिरडीवर बांधताना हात खाली जाईना, चादर वर उचललेली राहायची. दोघांनी जोर लावून पाहिला.

"राहू द्या गा," काकू म्हणाली. "ते हाड कोणाचं ऐकत नाही."

मग तसाच, हात तोंडाशी धरून, पहिलवान गल्लीतून गेला.