डॉक्टरभाईंच्या फोनवर मी खोटं बोलले

डॉक्टरभाईंना मी पहिल्यांदा भेटले ती डिचोलीला, दीड वर्षाची पोर मांडीवर घेऊन. माझ्या आतड्यात गाठ होती. मी रडत होते आणि पोरीनं त्यांचं पेन ओढून घेतलं. ते हसले. "रवांदे तिच्याकडे, माझ्याकडे दुसरां आसा." मग चित्र काढून सांगितलं, पोट न कापता दुर्बिणीनं गाठ काढू. "पण आतडं पातळ असतं. कधी भोक पडतं, दोन-तीन दिवसांनीसुद्धा. दुखलं तर पहिला फोन मला."

डॉक्टरभाईंना साठ वर्षं झाली, म्हणून हा अंक निघतोय. त्यांचे मोठे गुण शिकलेली माणसं लिहितील. मी सातवीपर्यंतच शिकले. मला एवढंच ठाऊक, गाठ काढलेल्या प्रत्येकाला ते स्वतः फोन करतात.

मला केला तो गाठ काढून घरी आल्यावर, तिसऱ्या दिवशी. सकाळपासून पोट दुखत होतं. सासूबाई म्हणाल्या, "आधी देवाक इचारूया, मगे डॉक्टराक." आमच्या गावात, लाटंबार्शाला, देवळात कौल लावला. देवाला फुलाची पाकळी चिकटवतात, उजवी पडली तर जायचं. पाकळी काही पडेना. तेवढ्यात फोन वाजला.

"पोट दुखता काय गो?"

"ना."

"हात लावून बघ. कडक लागता?"

"ना," मी म्हटलं. पोट दगडासारखं झालेलं. पण कापतील, मी मरेन, पोरीला कोण बघणार, हीच भीती.

दुपारी पाकळी उजवी पडली. तोवर मला उभं राहवत नव्हतं. पोट कापावंच लागलं.

नवरा सगळ्यांसमोर ओरडला, "तुमी भोक पाडलात!"

डॉक्टरभाई म्हणाले, "होय. गाठ काढली तिथंच फाटलं. माझ्या हातून झालं." फोनचं एक अक्षर काढलं नाही. मीही नाही. वॉर्डात पोरीला सोडत नसत, तर ते तिला आपल्या खोलीत पेन देऊन बसवायचे. आणि गावात लोक त्यांना नावं ठेवत होते, तेव्हा मी गप्प राहिले. हे मला आता सोसवत नाही.

गेल्या महिन्यात जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या आवाजावरून संशय आलेला गो. मी परत फोन करायला हवा होता."

डॉक्टरभाई, चूक माझी होती. गावानं हे वाचावं म्हणून लिहिलं. देव तुम्हाला पुष्कळ आयुष्य देवो, हात-पाय धड ठेवो. तुम्ही असेच फोन करत राहा, आणि पलीकडची बाई खरं सांगो.