फॉल-पिको करणारी बाई

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात फॉल-पिको करणारी ती बाई आमच्या विदर्भातलीच होती. नाव मी कधी विचारलं नाही. शहर राजधानी झालं, तरी तिचं मशीन त्याच ओट्यावर राहिलं.

तिची मुलगी चेन्नईच्या अकादमीतून लष्करात अधिकारी झाली. तिथे शेवटच्या दिवशी आईबापच मुलांच्या खांद्यावर तारे लावतात. कॉलेजात असताना एनसीसीच्या परेडमध्ये मी सगळ्यांत पुढे असे, पण तेव्हा अकादमीत मुलींना घेतच नव्हते.

"तारे लावताना हात थरथरला असेल तुमचा," मी म्हटलं.

"माहा कायले थरथरते, दीदी? पोट्टीच हलून राहिली होती. म्हटलं, सरळ उभी राह्य, टोचंल!" दातांनी दोरा तोडत ती हसली.

तो खांदा माझा असायला हवा होता. तिने फॉल लावलेली माझी साडी मी उलटून पाहिली. शिवणीत काही खोट नव्हती. तरी म्हणाले, "फॉल आखडलाय."

"हव? उसवून देतो मंग." चष्मा लावून तिने ती चांगली शिवण उसवायला घेतली. मी तिला थांबवलं नाही.