खड्ड्यांची कॅसेट

"बंद करा रे तो! हलद हाय का दहावा हाय?"

नवऱ्यामुलाचा मामा खुर्चीवर चढून ओरडत होता. कळव्याची हळद, मांडवात दोन हजार माणूस, आणि स्पीकरवर आमच्या पद्माकरची नवीकोरी कॅसेट. पहिली ओळ झाली, गिटार दणाणली, बायकांनी हात वर केले... आणि गाणं थांबलं. म्हणजे अगदी ठार. ना ढोलकी, ना गिटार, ना माणूस. हात हवेत तसेच राहिले. "मशीन बंद पडली का रे?" कोणीतरी विचारलं, तेवढ्यात पुढची ओळ सुरू झाली. लोक पुन्हा नाचायला लागले, तर पुन्हा थांबलं. तिसऱ्या वेळी एक म्हातारी भेलकांडून हळदीच्या परातीत बसली आणि मामा खुर्चीवर चढला. पद्माकर माझ्या शेजारीच उभा होता. तो पुढे झाला, कॅसेट काढली, फुंकर मारून खिशात टाकली आणि मला म्हणाला, "चल, जेवून घेऊ."

दोन हजार हा माझा आकडा. मी काहीही सांगितलं की पद्माकर मान वर न करता म्हणायचा, "दहाने भाग." पस्तीस-चाळीस वर्षं हा माणूस माझ्या प्रत्येक गोष्टीला दहाने भागत आला. लोक विचारायचे, तुझा मित्र तुला खोटारडा म्हणतो, राग येत नाही? राग कसला? भागणारा आहे म्हटल्यावर सांगणाऱ्याला गुणायला मोकळीक मिळते. दीड महिन्यापूर्वी सकाळी त्याच्या मुलीचा, प्रणालीचा, फोन आला. "काका, बाबा उठतच नाहीयेत..." ठाकुर्लीहून कोपरला मी कसा पोचलो, ते आठवत नाही. रिक्षावाल्याला मी काहीतरी अवाढव्य रक्कम कबूल केलेली, आणि तीसुद्धा त्याने घेतली नाही. आत गेलो तर पद्माकर कुशीवर, एक हात उशीखाली, जणू आता म्हणेल, कशाला एवढ्या धापा टाकतोस, जिने तर दोनच आहेत.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आणि बहुतेकांना तो माहीत नाहीच. कोपरच्या खाडीकडच्या अंगाला त्याचं गाव. गाव म्हणजे आता टॉवर झालेत, पण त्याच्या बापाने मिठागरात मीठ ओढलेलं. आम्ही दोघे एका बेंजो पार्टीत होतो. लग्नाच्या हंगामात कल्याणपासून ठाण्यापर्यंत असा एक मांडव नव्हता जिथे आम्ही वाजवलं नाही. मी बेंजो आणि हा गायला. एके दिवशी हा कल्याणहून लालभडक इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. पहिल्यांदा तार छेडली तेव्हा खाडीतले बगळे उडाले ते थेट उरणला जाऊन बसले. खोटं सांगत असेन तर खाडी उलटी वाहू दे. (तशी ती दिवसातून दोनदा उलटी वाहतेच, म्हणून मी शपथ नेहमी तिचीच घेतो.) त्या गिटारवर त्याने स्वतःची गाणी बांधायला घेतली. मिठाची, खाडीची, विकलेल्या जमिनीची. आणि त्यात त्याला हवी होती त्याची चांगुणाआत्या.

चांगुणाआत्या धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण. ती बसून धवले गाते, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, आणि एकेका विधीला देवांना, पितरांना हाका मारते. आत्याचा आवाज असा की मांडवाचे बांबू सरळ उभे राहायचे. पण तिचा एक नेम होता. आवतण आल्याशिवाय ती कुठल्या मांडवात पाऊल टाकायची नाही, आणि मांडव असल्याशिवाय धवला म्हणायची नाही. रेकॉर्डिंगसाठी म्हण, असं सांगितल्यावर तिने पद्माकरकडे असं बघितलं की मीच दोन पावलं मागे सरकलो.

"कोनाचा लगीन हाय?" तिने विचारलं.

मग पद्माकरने काय करावं? तुळशीच्या लग्नापर्यंत थांबला. ठाण्याच्या स्टुडिओतून माणूस मशीन घेऊन अंगणात आणला, उसाचा मांडव घातला, आणि म्हणाला, "आत्या, हे बघ लगीन. तुलशीचा."

"बरा. मना आवतान कोनी दिला?"

"अगं, तू याच घरात राहतेस!"

"मग काय झाला?"

शेवटी पद्माकर हळदकुंकू आणि सुपारी घेऊन अंगणातून बाहेर गेला, रस्त्यावरून वळून पुन्हा आपल्याच दारात आला आणि आपल्याच आत्याला रीतसर आवतण दिलं. आत्याने आधी सुपारी घेतली, मग नऊवारी बदलली. तरी लाल गिटारच्या स्पीकरशेजारी बसायला तयार नाही, म्हणून ती स्वयंपाकघरात बसली आणि तिच्यापुढे वेगळा माईक लावला. पद्माकरने अंगणात एक ओळ म्हणायची, आतून आत्याने तिच्या धवल्याची ओळ जोडायची. तिच्या चालीला आमचा ठेका जुळायचाच नाही, म्हणून ती गायला लागली की आम्ही सगळे हात उचलायचो. तिचं झालं की पुन्हा सुरू. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या, पण त्या संध्याकाळी आत्याच्या आवाजाने माझ्या बेंजोच्या तारा आपोआप वाजत होत्या, हे मी कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगायला तयार आहे. याला पद्माकरनेही कधी दहाने भागलं नाही.

होळीच्या आधी आत्या गेली. पावसाळा संपताना ठाण्याच्या एका कॅसेटवाल्याने कॅसेट काढली, 'मिठाचा मांडव' नावाची. तिच्यात आत्या नव्हती. जिथे ती गायलेली तिथे काहीच नव्हतं, नुसती शांतता. पुढे कळव्याच्या हळदीत काय झालं ते सांगितलंच. एका साप्ताहिकाने लिहिलं की गायक दर ओळीनंतर चहा प्यायला जातो. डोंबिवलीत आमच्या कॅसेटला नाव पडलं, खड्ड्यांची कॅसेट. रस्त्यावर रिक्षा आदळली की लोक म्हणायचे, पद्माकरचं गाणं लागलं. उरलेल्या कॅसेटचे खोके त्याच्या माळ्यावर गेले. गिटार भिंतीवर गेली. तो एमआयडीसीतल्या नोकरीवर जात राहिला, रिटायर झाला, नातवाला शाळेत सोडायला लागला... गाणं मात्र त्याने पुन्हा बांधलं नाही. मी विषय काढायचो. "त्या कॅसेटवाल्याने तुझं वाटोळं केलं, आत्याला कापून टाकलं, असल्या माणसाला खाडीत उलटा टांगला पाहिजे." ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत असं एक स्टेशन नाही जिथे मी त्या कॅसेटवाल्याचा उद्धार केला नाही. पद्माकर वाटाणे सोलत बसलेला असायचा. म्हणायचा, "दहाने भाग." मला वाटायचं, मोठ्या मनाचा माणूस आहे, माफ करतोय.

प्रणाली ठाण्यात आवाजाचंच काम करते, मालिकांचे संवाद वगैरे साफ करते. तेराव्यानंतर माळा आवरताना तिला खोक्यांच्या मागे मूळ टेप सापडल्या. तिने त्या भाजून-पुसून (टेप खरंच भट्टीत हलक्या आचेवर भाजतात, ही माझी थाप नाही) त्यातला आवाज काढला, आणि मला बोलावून पहिलं गाणं लावलं. पद्माकरची ओळ. मग शांतता यायच्या जागी स्वयंपाकघरातून चांगुणाआत्या... मी खुर्चीवरून उठून आतल्या खोलीकडे बघायला गेलो. माणूस म्हातारा झाला की किती मूर्ख होतो!

"टाक जगासमोर," मी म्हटलं. "त्या मामाचं तोंड बंद होऊ दे."

तिने आत्याच्या आवाजासकट तीन गाणी इंटरनेटवर टाकली. मग काय सांगू! लोकांनी लिहिलं, हे तेव्हा कुठे लपलं होतं? ज्यांनी खड्डे म्हणून हिणवलं त्यांच्या पोरांनी लिहिलं, आमच्या आजीचा धवला आठवला. मी कोपरच्या नाक्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो की हजारो लोक रडतायत, अमेरिकेतले लोक रडतायत. कोणी भागत नव्हतं. आकडा मोठा होत होत हवेत गेला, खाली आणणारा कोणी नव्हता, आणि मला पहिल्यांदाच त्याची भीती वाटली.

उरलेली गाणी टाकण्याआधी प्रणालीने शेवटची टेप लावली. तिच्यात गाणं नव्हतं, ठाण्याच्या स्टुडिओतलं बोलणं होतं, बटण चालूच राहिलेलं. आधी कॅसेटवाल्याचा आवाज, कळवळून सांगत होता, "अहो, बाईंचा आवाज काढला तर इथे खड्डा पडतो. निदान बासरी भरू द्या. लोक हसतील."

मग पद्माकर. तरुण, जरा घसा बसलेला. "हसू देत. कॅसेट कुणाच्याही मांडवात जाणार. आत्या आवतणाशिवाय कधी गेली नाही. असती तर विचारलं असतं, जाशील का म्हणून. आता कुणाला विचारू?" खुर्ची सरकल्याचा आवाज. "तिची जागा तेवढी ठेवा. भरू नका."

प्रणालीने टेप थांबवली. म्हणजे कॅसेट कोणी बिघडवली नव्हती. ती अशीच करायची होती. ज्या शांततेवर मामा खुर्चीवर चढला ती या माणसाने हाताने मोजून ठेवली होती, आणि तिच्यापायी गाणं सोडलं, पण कधी तोंडातून शब्द काढला नाही. आणि आम्ही त्याच्या जाण्याला महिनाही झाला नाही तोवर आत्याला विनाआवतण जगभर फिरवून आणलं होतं.

प्रणाली उठून आईकडे गेली. रंजनावहिनी कणीक मळत होत्या. सगळं ऐकून घेतलं, हात पुसले. "उतरव ती गाणी," त्या म्हणाल्या. एवढंच. प्रणालीने त्याच दुपारी उतरवली, आणि गेल्या आठवड्यात जुनी कॅसेट जशीच्या तशी टाकली, खड्ड्यांसकट, सुरुवातीला स्टुडिओतलं ते बोलणं जोडून. आता लोक लिहितात की शांततेत आम्ही पण थांबतो. किती लोक ते मी सांगत नाही.

परवा वहिनींकडे गेलेलो. भिंतीवर लाल गिटार तशीच, खालच्या तारेवर कोणीतरी नातवाचा मोजा वाळत घातलेला. स्वयंपाकघरात फ्रिजवर त्यांचा जुना टेपरेकॉर्डर, आणि त्यात 'मिठाचा मांडव' लागलेला. रोज सकाळी लावतात म्हणे, लग्न झाल्या वर्षापासून. हे मला आजवर ठाऊक नव्हतं. पद्माकरची ओळ झाली आणि गाणं थांबलं. भाताच्या वासात ती शांतता उभी राहिली... माझ्या फोनमध्ये आत्यावालं गाणं होतं, प्रणालीने मला ठेवायला दिलेलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, जगासाठी नाही तर नाही. पण घरातल्या घरात ऐकायला काय हरकत आहे? हे लावू का? ह्यात सगळं भरलेलं आहे."

वहिनींनी गॅस बारीक केला.

"नको भावोजी. ह्या कॅसेटमध्ये ते थांबतात. तेवढ्यात मला कुकरची शिट्टी ऐकू येते."