सगळे शेवट आमच्या साडभाऊंकडे

अख्ख्या दारव्ह्यात कुठल्याही गोष्टीचा शेवट छातीठोक सांगणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या मेहुणीच्या नशिबी आला. आमच्या साडभाऊंची घराला लागूनच पिठाची चक्की आहे. पन्नाशी उलटली, गुडघे बोलू लागले, तरी दुपारी गिऱ्हाईक नसलं की हात पुसून ते कॉमिक उघडतात. सगळ्या पुस्तकांत नायक एकच: लहानशा गावातला, गणितात मार खाणारा आणि गल्लीत कोणी नसलं की उडणारा पोरगा. साडभाऊ त्याला 'आपला पोट्टा' म्हणतात, जसा काही घरातलाच. एसटी चिखलात रुतली की, "पोट्टा असता तं एका बोटानं काढली असती." पुढारी भाषण ठोकून गेला की, "पोट्टा काम किती करते, पन सांगते काय कोनाले?" मी एकदा शहाणपणा करून म्हणालो, महानगरातले नायक जास्त पराक्रमी. ते उसळले, "तिथं बिल्डिंगा हायेत, साडभाऊ, लपाले जागा हाय. इथं उडून, घरी येऊन मायले थापा मारून दाखव म्हना!"

आमच्या घरात गोष्टी सांगण्याचा मान माझा. पण माझी गोष्ट सुरू झाली की पोरांना तहान लागते, आणि साडभाऊंच्या गोष्टीत ती भूकसुद्धा विसरतात. फक्त ते शेवटच सांगतात. "काका, पण सुरुवात?"

"सुरुवात दादाकडे हाय."

दादा म्हणजे त्यांचे सख्खे मोठे भाऊ. पोरपणी दोघांनी ही कॉमिकं आठवडी बाजारातून एकेक करून जमवली, एका गोधडीत वाचली. वडील गेल्यावर वाटणी झाली. शेत, चक्की, ताटंवाट्या, सगळं शिस्तीत वाटलं गेलं, उरली कॉमिकांची पेटी. दोघंही म्हणाले, "मले." वाटणी करायला बसलेल्या म्हाताऱ्या मामांनी पत्ते वाटावेत तशी पुस्तकं वाटली, एक याला, एक त्याला. पेटीत ती क्रमानं लावलेली, आणि प्रत्येक गोष्ट दोन भागांची! सगळ्या सुरुवाती दादांकडे गेल्या, सगळे शेवट यांच्याकडे. संध्याकाळी ते लक्षात आलं; पण झालेली वाटणी मोडायची कोणी? अंगणात भिंत उठली आणि बोलणं बंद झालं.

गेल्या उन्हाळ्यात दादांना लकवा मारला. वहिनी भिंतीपलीकडून म्हणाल्या, "भाऊजी, या ना एकडाव."

साडभाऊ चक्कीचा पट्टा चढवत राहिले. "दादाले सोता आवाज देऊ द्या, मंग येतो."

"आवाजच गेला न त्याईचा."

साडभाऊ तसेच पिठानं माखलेले उठले, सगळे शेवट काखेत मारले आणि भिंतीला वळसा घालून गेले. वहिनींनी दादांची पेटी उघडली तर आत वाळवीचा भुगा. वाटणीच्या रागात दादांनी तिला कधी हातच लावला नव्हता. मग साडभाऊ रोज दुपारी सुरुवाती आठवतील तशा सांगायचे आणि शेवट वाचून दाखवायचे. दादा छताकडे पाहत पडून असायचे. अशाच एका गोष्टीच्या मध्यावर ते गेले.

आता साडभाऊंना गोष्ट पुरी सांगता येते, पण ते तशी सांगत नाहीत. कधीतरी चक्की बंद करून मलाच विचारतात, "पोट्टा टाकीवरून घसरते ना, तिथं दादाचं तोंड हाललं होतं. हसला असन काय हो तो?"

लकव्याचं तोंड, काय सांगावं! मी म्हणतो, "हसलाच असन."

माझ्या आजवरच्या गोष्टींपैकी एवढी एकच कुणीतरी पुन्हा पुन्हा मागितली.